चार मिनिटांत बसेल तेवढं गाणं

अलोऱ्याच्या बाजारात मोबाईलचं रिचार्ज मारून मिळतं ते दुकान माझं. पाटी अजून 'स्वरगंगा ऑडिओ सेंटर' अशीच आहे, कारण पाटी पुसायला रंगारी जेवढे मागतो तेवढी माझी आठवड्याची मिळकत नाही. स्वर माझा आणि गंगा बायकोचं नाव. बायको म्हणते, दुकान बुडालं ते माझ्या नावानं नाही, तुमच्या स्वरानं. खोटं कशाला बोलू, तिचं बरोबर आहे.

अठ्ठ्याण्णव साली मात्र माझी ऐट बघण्यासारखी होती. कोयना प्रकल्पाची कॉलनी माणसांनी भरलेली, घरोघरी टेप, आणि सगळ्या बाजारात एकाला एक जोडलेले दोन डेक फक्त माझ्याकडे. लोक वहीच्या पानावर गाण्यांची यादी लिहून आणायचे, मी ती साठ मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर भरून द्यायचो. कंपनीची नवी कॅसेट पंचेचाळीस रुपयांना, तिच्यात आवडीचं गाणं एक आणि नावडती सात. माझ्याकडे पंचवीस रुपयांत बाराच्या बारा आवडीची. गिऱ्हाइकाला आणखी काय पाहिजे? ह्याला चोरी म्हणतात असं मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायला कोणी आला असता तर त्यालाही मी एक कॅसेट भरून दिली असती.

दुकान हा माझा धंदा, पण मिजास होती ती गाण्याची. आमच्याकडे गणपतीत जाखडी नाचतात. पोरं पायात घुंगरू बांधून गोल धरतात, मधे ढोलकी, झांज आणि गाणारा. आमच्या मंडळाचा गाणारा मी. गाणी मात्र काशीरामबुवांची. मी नुसता तोंड उघडायचो, आत जे काय होतं ते सगळं बुवांनी घातलेलं.

बुवांनी तरुणपणी पोफळीच्या बोगद्यात घमेली उचलली, नंतर कॉलनीच्या गेटावर वॉचमन म्हणून उभे राहिले. साक्षरतेच्या वर्गात अक्षरं शिकले ती वयाच्या तिसाव्या वर्षी, आणि मग थांबलेच नाहीत. गेटपासाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर गाणी लिहायचे. साहेब आला की पास पुढे, साहेब गेला की कडवं पुढे. दोन मुलं झाली आणि गेली, मग बायको गेली. घरात एकटे. "भागोजी, माज्या मागं नाव घेनारा कोन नाय. जा काय हाय ता शेवटच्या कडव्यात हाय," असं ते बोलायचे. यंदा भात कमी आलं म्हणावं तसं, सहज.

शेवटचं कडवं म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर माझा गाढवपणा तुम्हाला नीट कळायचा नाही. जाखडीच्या गाण्यात कवीचं नाव शेवटच्या कडव्यात येतं. ही रीत आहे. आधीची कडवी सभेची, शेवटचं कवीचं. ते गाऊन झाल्याशिवाय ढोलकीवाला हात उचलत नाही. गाण्याला वेगळी पावती नाही, वेगळी सही नाही. कवी आहे तो तेवढ्या दोन ओळींत.

बुवांचं सगळ्यात गाजलेलं गाणं विजेचं. पोफळीला वीज तयार होते आणि मुंबईला जाते, गावातली माणसं पण तिच्या मागोमाग मुंबईला जातात, आणि मागे राहिलेली बाई म्हणते:

वीज निघाली मुंबईला गं, घरधनी गेला तिच्या संगं,
चिमणीपाशी बसले मी गं, काजळी धरली अंगोअंग.

आणि सात मिनिटांनी शेवटी:

काशीराम सांगे सभेला, ऐका लहानथोर,
वाशिष्ठीच्या काठी त्याच्या शब्दांना ये मोहोर.

हे गाताना मी डोळे मिटायचो. भक्तीनं नव्हे. समोर बायामाणसं डोळे पुसताना दिसली की मला हसू फुटायचं.

नव्याण्णव साली माझ्या डोक्यात भूत शिरलं, की बुवांच्या गाण्यांची कॅसेट काढायची. बुवांसमोर छाती काढून सांगितलं, "बुवा, तुमचं नाव मुंबईपासून सावंतवाडीपर्यंत घरोघरी जाईल." त्यांनी गेटपासांचा गठ्ठा काढून वरची धूळ पुसली. मग म्हणाले, "कडवा राहील ना शेवटचा?" मी म्हटलं, "म्हणजे काय बुवा, त्याच्यासाठीच तर चाललंय."

परळच्या एका गल्लीत स्टुडिओ होता. दोन दिवस गायलो. पाचशेच्या खाली कॅसेट काढून देत नव्हते, म्हणून पाचशे काढल्या. पैसे कमी पडले तेव्हा दोनातला एक डेक विकला. म्हणजे कॅसेटी भरून द्यायचं डबिंग बंद. गंगा म्हणाली, "आता खायाचा काय?" मी म्हटलं, आता मी कलावंत झालो. ती म्हणाली, "ता दिसतंय. पन खायाचा काय?"

एका रात्रीत मी चोराचा साव झालो. दुकानात ठळक अक्षरांत कागद चिकटवला : 'ह्या कॅसेटची नक्कल करणे हा गुन्हा आहे. हुकुमावरून.' हुकूम कुणाचा, ते मला आजही सांगता येणार नाही. कागद चिकटवायला जागा मिळाली ती नेमकी त्या कपाटाच्या दारावर, ज्यात मी स्वतः नक्कल केलेल्या तीनशे कॅसेट होत्या. लोक वाचायचे, कपाटाकडे बघायचे आणि मग माझ्याकडे. मला वाटायचं, आदरानं बघताहेत.

किंमत ठेवली पस्तीस. एक पैसा कमी नाही. आणि मिळणार फक्त 'स्वरगंगा'मध्ये, सकाळी नऊ ते बारा, संध्याकाळी चार ते सात, गुरुवार बंद. खेडचे एक निवृत्त हेडमास्तर दोन एसट्या बदलून आले, दार बंद बघून परत गेले. पुन्हा आले, तो गुरुवार निघाला. तिसऱ्यांदा आले नाहीत. दोन्ही वेळा मी आत घोरत होतो. चिपळूणचा एक कटलरीवाला म्हणाला, "पन्नास कॅसेट ठेवा माझ्याकडे, वीसला विकतो, सकाळी सहापासून गिऱ्हाईक असतं." मी म्हणालो, "माझी कला बांगड्या-टिकल्यांत बसणार नाही." हे वाक्य मला इतकं आवडलं की घरी येऊन गंगेला दोनदा ऐकवलं.

वर्षात त्रेसष्ट खपल्या. त्यातल्या अकरा नातेवाईकांनी नेल्या, त्या खपल्या म्हणायच्या की गेल्या, हे मी ठरवलेलं नाही. उरलेल्यांचे खोके खाटेखाली.

बुवा दर आठवड्याला विचारायचे, "किती झाल्या?" मी पहिल्यांदा म्हटलं शंभर. मग दीडशे. दिवाळीपर्यंत मी साडेतीनशेवर पोचलो होतो. माझ्या कॅसेटी हलत नव्हत्या, पण आकडा चांगला पळत होता. बुवा पडवीत बसून म्हणायचे, "म्हंजे साडेतीनशे घरात नाव घेतला जाता." त्यांना तसं वाटायचं, की टेप लावला की त्या त्या घरात कोणीतरी काशीराम म्हणतो. मी मान हलवायचो. 

त्यांना दिलेली कॅसेट त्यांनी वरचा प्लास्टिकचा कागदसुद्धा न फोडता देव्हाऱ्यात ठेवली. टेप नव्हताच घरात. मी म्हटलं, दुकानात चला, ऐकवतो. म्हणाले, "माना कशाला? माना पाठ हाय. लोकास्नी ऐकव."

दोन हजार तीन साली चिपळुणात एसटी स्टँडजवळ मुझम्मिल नावाच्या माणसानं सीडीचा गाळा टाकला. कुवेतला आठ वर्षं काढून आलेला, येताना कॉम्प्युटर घेऊन आलेला. एका एमपीथ्री सीडीत सव्वाशे-दीडशे गाणी, किंमत तीस रुपये. दीडशे गाणी तीस रुपयांत! माझी आठ गाणी पस्तीसला. कोणीतरी सांगितलं की त्यानं जाखडीची पण सीडी काढली आहे. झालं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बुवांची गाणी चोरतो म्हणजे काय? मी कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकडून पोलिसांना द्यायचा अर्ज टाइप करून घेतला. 'अर्जदार हा नामांकित कलावंत असून' अशी सुरुवात होती. टायपिस्टनं 'नामांकित' वर बोट ठेवून विचारलं, "हे राहू दे?" मी म्हटलं, ठळक कर.

गाळ्यावर गर्दी होती. ड्रायव्हर, कॉलेजची मुलं, बुरोंडीकडचे मच्छीवाले, सगळे एका पायावर उभे राहून सीडी घेत होते आणि गाडी सुटायच्या आत परत जात होते. मी जाखडीची सीडी उचलली. मागं बारीक अक्षरांत एकशे अठ्ठावीस गाण्यांची यादी. चष्मा लावून वाचली. मग उलटीकडून वाचली. पार गुहागरपर्यंतच्या सगळ्या शाहिरांची गाणी होती. माझं एकही नाही.

काय सांगू, आयुष्यात एवढा अपमान झाला नव्हता. अहो, चोरानं घर फोडलं तर माणूस बोंब मारतो. पण चोर आख्खी आळी लुटून गेला आणि माझ्या दाराकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही, तर मी कुणाच्या नावानं ओरडू? खिशातल्या अर्जावरचा घाम पुसला आणि गर्दी ओसरेपर्यंत उभा राहिलो. मग मुझम्मिलला म्हटलं, "भाई, आमचं पण घाला ना काहीतरी."

माणूस सभ्य. स्टूल दिलं, चहा सांगितला. "भागोजीदादा, तुमची कॅसेट मी शोधली होती," तो म्हणाला. "दोनदा अलोऱ्याला माणूस पाठवला. दुकान बंद."

मी चहात तोंड खुपसलं.

"पण सात मिनिटांची गाणी मला परवडत नाहीत," तो म्हणाला. "एका सीडीत जागा ठरलेली. तुमचं एक घेतलं की दुसऱ्या कुणाची दोन बाहेर जातात. गिऱ्हाईक गाणी मोजतं, मिनिटं मोजत नाही. आणि गाडीवाल्याला घाट चढेपर्यंत एकच गाणं ऐकायचं नसतं. चार-चार मिनिटांची करून द्या. पैसे देणार नाही, पण गाणं रत्नागिरीपर्यंत वाजेल."

मी अर्ध्या मनानं म्हटलं, "शेवटी कवीचं नाव असतं."

"मला काय, कुठलीही चार मिनिटं द्या," तो म्हणाला.

हे त्याचं वाक्य नीट ऐका. मी नीट ऐकलं नाही.

एसटीत बसल्यावर माझ्यातला व्यापारी जागा झाला. मला वाटलं, अरे, हे तर उत्तमच आहे. चार मिनिटांत गाणं अर्धवट तुटणार. पुढं काय, पुढं काय, म्हणून लोकांचा जीव कासावीस होणार. आणि पूर्ण गाणं आहे कुठं? तर माझ्या खाटेखाली, पस्तीस रुपयांत. लोक रांगा लावतील. अलोऱ्याच्या फाट्याला गाडी आली तेव्हा मी रांगेसाठी दुकानापुढं बांबू बांधायचा विचार करत होतो.

घरी येऊन उरलेल्या डेकवर गाणी लावली आणि शेजारच्याकडून मागून आणलेल्या डेकवर भरत गेलो. चार मिनिटं होत आली की आवाजाचं बटण हळूहळू खाली. इतक्या सफाईनं खाली आणलं की ढोलकी लांब कुठंतरी डोंगरापलीकडे निघून गेल्यासारखी वाटावी. आयुष्यात मी एवढं सुंदर काम दुसरं केलं नाही. आठही गाण्यांचं शेवटचं कडवं त्या शांततेत गेलं. गंगा दारात उभी राहून ऐकत होती. "बुवांचा नाव?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "त्याच्यासाठीच लोक येतील दुकानात. तुला धंद्यातलं कळत नाही."

भरलेली कॅसेट मुझम्मिलला नेऊन दिली, आणि पुढच्या गणपतीत विजेचं गाणं गाजलं. खरंच गाजलं. जीपमध्ये वाजे, सिक्स सीटरमध्ये वाजे, मंडपात वाजे. मुंबईची माणसं गावाला येताना वाजवत यायची आणि जाताना तेच वाजवत रडत जायची. घाटातल्या चहाच्या टपरीवर माझाच आवाज ऐकत मी भजी खाल्ली आणि टपरीवाल्याला सांगितलं, हा मीच. तो म्हणाला, "चौदा रुपये."

पुढचं कडवं ऐकायला किती आले? एक आला. दुकानात शिरून म्हणाला, "ती वीज निघालीवाली सीडी हाय?" मी लगबगीनं खोका ओढला. म्हटलं, "सीडीत अर्धंच आहे. ही ओरिजिनल कॅसेट. पूर्ण सात मिनिटं." त्यानं कॅसेट उलटीपालटी केली, परत ठेवली आणि म्हणाला, "इतका कशाला?"

बुवांना मी रोज खबर देत होतो, आज पाचाडला वाजलं, आज सावर्ड्याला वाजलं. पंचाहत्तरीचा माणूस, गुडघे गेलेले, पण तोंडावर उजेड. "रस्त्यावर नेऊन बसव माना. एकदा ऐकतो," म्हणायला लागले. मी म्हणायचो ऊन आहे, पाऊस आहे, गर्दी आहे. खरं कारण मला माहीत होतं. सांगायची माझी टाप नव्हती. गणपती होऊन गेले की सावकाश बोलू, असं रोज ठरवायचो.

गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी प्रसादाची वाटी घेऊन त्यांच्याकडे गेलो होतो. नेमकी त्यांच्या अंगणाखाली एका जीपची हवा गेली. माणसं उतरून पाय मोकळे करत होती, ड्रायव्हर टायर काढत होता आणि आत गाणी चालू. बोरिवलीचा दादू, आमच्याच वाडीचा भाचा, त्या जीपचा मालक आणि ड्रायव्हर तोच. मी खाली जाऊन म्हणणार होतो, दादू, जरा बंद कर. तेवढ्यात ढोलकी सुरू झाली आणि वीज निघाली.

बुवा पडवीतून उठले. मी हात द्यायला गेलो, तो त्यांनी बाजूला केला. काठी टेकत पायऱ्या उतरून पार जीपपर्यंत गेले. मी मागोमाग. बॉनेटला एक हात लावून उभे राहिले. ओठ हलत होते, शब्दाला शब्द. बाई चिमणीपाशी बसली, काजळी धरली, पत्र आलं नाही, पोरगं बापाला ओळखेना, सगळं झालं. मग त्यांनी काठी काखेत धरली आणि एक बोट वर केलं. जाखडीच्या बारीत शेवटचं कडवं आलं की ते नेहमी असं बोट वर करायचे, ढोलकीवाल्याला इशारा म्हणून.

ढोलकी लांब लांब गेली. माझं ते सुंदर काम. मग दुसऱ्याच शाहिराचं गाणं सुरू झालं.

बोट तसंच वर. बुवांनी जीपकडे बघितलं, माझ्याकडे नाही. आणि त्या दुसऱ्या गाण्याच्या गदारोळात, घोगऱ्या आवाजात, स्वतःच म्हणाले, "काशीराम सांगे सभेला, ऐका लहानथोर..." दोन्ही ओळी पुऱ्या म्हटल्या.

दादू टायरपाशी बसल्याबसल्या हसला. वाईट नाही, आपल्या म्हाताऱ्याला हसावं तसा. "आजोबा, ह्याच्यात असा कडवा नाय," तो म्हणाला. "मी मुंबईपास्नं दहा वेळा ऐकलाय. जुना पारंपरिक गाणा हाय ता, कोणी लिवलेला नाय." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "भागोजीमामा, तुमी सांगा. तुमीच गायलाव. एवढाच हाय ना?"

एरवी मला पुष्कळ बोलता येतं. हुकुमावरून बोलता येतं, नामांकित म्हणून बोलता येतं, साडेतीनशे म्हणून बोलता येतं. तिथं मात्र त्यातलं काहीच कामाचं नव्हतं. हो म्हटलं असतं तर दादू टायर लावून निघून गेला असता आणि बुवा काहीच म्हणाले नसते. ते म्हणणारे नव्हतेच. एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

"नाही," मी म्हणालो. "कडवं आहे. यांचंच गाणं आहे, हेच काशीराम. मी कापलं."

दादूनं हातातला पाना खाली ठेवला. बुवांनी बोट खाली आणलं.

"का रं?" त्यांनी विचारलं.

"चार मिनिटांत बसत नव्हतं, बुवा. सीडीवाला चारच मिनिटं घेत होता."

बुवांनी जरा विचार केला. रागावले नव्हते. गाणं जुळवताना अक्षर कुठं जास्त झालं ते शोधायचे, तसा चेहरा होता. मग म्हणाले, "मंग मधला एखादा कापायचा व्हतास."

काठी टेकत ते वर गेले आणि पडवीत भिंतीला टेकून बसले. दादूनं गाणी बंद केली. मी तिथंच रस्त्यात उभा होतो. कॅसेटवर गाणं बसत नसलं की पॉजचं बटण दाबून मधलं कडवं गाळणं मला रोजचं होतं. डेक विकेपर्यंत बारा वर्षं लोकांच्या गाण्यांत मी तेच केलं होतं, आणि बुवांच्या गाण्यात मला ते सुचलं नव्हतं.